सोपी लेन

बॉल घरंगळवून पिना पाडायच्या बोलिंगच्या फायनलसाठी लाकडी लेनवर तेल मारणारा तोच, आणि फायनल खेळणारी त्याचीच लेक. तेल कुठवर मारलंय याचा एक शब्द फुटला असता तर नोकरी गेली असती. तेलावर बॉल नुसता घसरतो, तेल संपलं की वळतो, आणि वळला तरच सगळ्या पिना पाडतो. या खेपेला तेल पार पिनांजवळ न्यायचा हुकूम होता. लेकीचा लाडका गुळगुळीत बॉल तिथे वळणारच नव्हता. तरी त्याने तोंडाला कुलूप घातलं.

लेकीने पहिल्याच फेकीला पिशवीतून तेलातही पकड घेणारा खरखरीत बॉल काढला आणि सामना मारला.

"तुला कोणी सांगितलं?" बाहेर पडताच त्याने दरडावलं.

"तुम्हीच, बाबा. लेन सोपी असली की सकाळचा चहा मला करायला लावता. आज अंथरुणात आणून दिलात."