खुर्च्यांची होडी

"वाका, वाका! गुहा आली!" थोरलीने खुर्च्यांवर चादर ओढली आणि होडी अंधारात शिरली.

होडी म्हणजे जेवणघरातल्या, एकामागे एक लावलेल्या खुर्च्या. पुढे तिची पाच वर्षांची बबडी, मधे धाकट्या बहिणीचा ढब्बू आणि मागे थोरलीचं दीड वर्षाचं बाळ, उशीला टेकवून ओढणीने बांधलेलं. पुढच्या महिन्यात दोन्ही घरं मिळून थीम पार्कला जाणार होती. तिथल्या होडीत बसल्यावर पोरांनी भोकाड पसरू नये, म्हणून ही तालीम.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. थोरली इस्पितळात लहान मुलांचे एक्सरे काढायची. यंत्राखाली आधी बाहुलीला निजवायचं, बाहुलीचा फोटो मुलाकडूनच काढवून घ्यायचा, मग मूल आपसूक निजतं, हा तिचा रोजचा अनुभव. ओळखीच्या गोष्टीला मूल भीत नाही. तेव्हा तिने थीम पार्कच घरात उभं केलं होतं. बाळाला गाडीत डुलकी कधी लागेल, उंचीच्या पट्टीला बबडीचं डोकं टेकेल का, सगळ्याचा विचार झाला होता. मोठ्या पाळण्यात एक जोडी बसेल तेव्हा दुसरी बाळाला धरेल, मग अदलाबदल, यावर तर ती हटूनच बसली होती. लहानपणी एकदा सगळं घर आकाशपाळण्यात बसलं होतं आणि ती खाली, धाकटीला कडेवर घेऊन, मान वर करून बघत राहिली होती. या वेळी खाली कोणी उरायचं नाही, असं तिने जाहीरच केलं होतं.

पण तिची खरी हौस वेगळीच होती. गुहेतून होडी बाहेर पडते आणि समोर एकदम दिव्यांचं शहर दिसतं. त्या क्षणी बबडीचा चेहरा तिला बघायचा होता. बाकी सगळं राहिलं असतं तरी चाललं असतं. नवऱ्याला तिने परवाच बजावलं होतं, "बबडीशेजारी मी बसणार. तू मागे."

"बस की," तो चहा पिता पिता म्हणाला होता.

"आता माकड पाणी उडवणार!" चादरीखालून ढब्बू ओरडला. "सरका, सरका, सगळे इकडे सरका!"

थोरलीने चादर उचलली. माकडाचं तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुठून, तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"कुठलं रे माकड?"

"गुहेतलं! मावशी, तुला माहीतच नाही? आम्ही ना..."

"चल, आधी सू करून ये!" धाकटीने त्याला बखोटीला धरून बाथरूमकडे पिटाळलं. इतक्या घाईने, की थोरलीला विचारायची गरजच उरली नाही. तरी तिने विचारलं.

"तुम्ही जाऊन आलात?"

धाकटीने चादरीची घडी घालायला घेतली. "मागच्या रविवारी. अगं, ह्यांना कोणीतरी पास दिले, नेमके त्याच दिवसाचे. तुझ्या बाळाला ताप. तुला सांगितलं असतं तर तू नुसती हळहळत बसली असतीस."

"म्हणून गप्प बसलीस? आणि वर माझ्याबरोबर खुर्च्या लावतेस?"

"तुझी हौस बघून सांगवेना गं, ताई."

त्या रविवारी थोरली बाळाच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली होती आणि धाकटीने फोन करून ताप विचारला होता. मागे केवढा गोंगाट! "बाजारात आलेय," असं म्हणाली होती. काळजीने आवाजही किती ओला केला होता. जिला कडेवर वागवलं, तिनेच केसाने गळा कापला.

निदान आपला माणूस तरी आपला निघाला, एवढंच समाधान. ताप बबडीला लागू नये म्हणून त्या दिवशी तो तिला सकाळीच मित्राकडे घेऊन गेला होता आणि पेंगुळलेल्या पोरीला खांद्यावर टाकून परत आला होता. आताही तो दारात उभा होता, तोंडात मिठाची गुळणी धरून. बहिणींच्या भांडणात पडायचं नाही, हे त्याचं जुनं धोरण. थोरलीला त्याचा राग आला नाही.

राग येत होता तो पोरीसाठी. आपल्याला फसवलं तर फसवलं, आपण मोठ्या आहोत, गिळून टाकू. पण बबडीने काय घोडं मारलं होतं? ती अजून पहिल्याच खुर्चीत बसली होती, हात मांडीवर ठेवून, शहाण्यासारखी. एरवी एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही.

थोरली तिच्यापुढे उकिडवी बसली. तिने ओढूनताणून हसू आणलं.

"जाऊ दे हं, बबडी. त्यांनी बघितलं तर बघितलं. ते दिव्यांचं शहर आपण दोघी बघू. दोघीही पहिल्यांदाच. चालेल?"

बबडीने आईच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"बाबा," तिने विचारलं, "आता सांगू का आईला?"