कणसाचं डिझाईन

“हे ॲप काढून टाकू,” अनिलकुमार म्हणाला, तेव्हा वैजयंतीला हसावं की रडावं कळेना. दोन महिन्यांपूर्वी ते त्यानेच बसवलं होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात ती अकरा वर्षं डिझाईन काढत होती. आधी ब्राउझरमध्ये, एका वेबसाइटवर. मग यंदा पहिल्यांदा डिझाईन फुटलं. आपला माल बाजारात जायच्या आत पलीकडच्या गल्लीतल्या कारखानदार सिद्धप्पांचा हुबेहूब टॉवेल दुकानात लागला. मालक शरणबसवअप्पांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अनिलकुमारला बोलावलं. तो म्हणाला, ब्राउझर सगळं लक्षात ठेवतो, त्यात घातलेली फुकटची एक्स्टेन्शनं पानावरचं सगळं वाचतात, तुम्ही सरळ डेस्कटॉपवर ॲप घ्या. घेतलं. दुसरंही डिझाईन फुटलं.

आता तो ॲपच्या नावाने बोटं मोडत होता.

“वेबसाइट ओसरीवर बसती, अप्पा. ब्राउझर तिला आत सोडत नाही. ॲप डायरेक्ट माजघरात. सगळे फोल्डर उघडे.”

“मग मागच्या टायमाला का न्हाय सांगितलंस?” अप्पांनी विचारलं.

अनिलकुमारने रुमाल काढून स्क्रीन पुसायला घेतली.

शेवटी ठरलं, ॲप नको आणि वेबसाइटही नको. जुन्या सीडीवरचं सॉफ्टवेअर घालायचं आणि नेटची वायरच उपटायची. डिझाईन त्या एका कॉम्प्युटरमध्ये राहील आणि पासवर्ड एकट्या वैजयंतीकडे. काम झालं की पेनड्राइव्ह अप्पांच्या कपाटात. कारखान्यातून चिंधीसुद्धा बाहेर जाऊ द्यायची नाही, असं अप्पांनी फाटकावरच्या बिरुदेवला पुन्हा बजावलं. मग ते वैजयंतीकडे वळले.

“आता फुटलं तर तुझ्याशिवाय कुणाकडं बघू मी?”

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते दमून बोलले, आणि तेच तिला जास्त लागलं. तीही दमली होतीच. दोन महिन्यांत सात पासवर्ड पाठ करून सहा विसरावे लागले होते, कामगारांच्या नजरा झेलाव्या लागल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी बिरुदेवसमोर डबा उघडून दाखवावा लागत होता. पहिल्या दिवशी अपमान वाटला होता. आता नुसता कंटाळा यायचा.

तरी तिने जीव ओतून ज्वारीचं कणीस काढलं. वळसंगला तिच्या घरामागे रान होतं. तिथलं एक कणीस आणून टेबलावर ठेवलं आणि दाणा न् दाणा बसवला. हे एवढं डिझाईन फुटू नये, एवढंच तिला हवं होतं. नोकरी राहील आणि नावही राहील.

कणीस मागावर चढलं त्या सोमवारी अप्पांनी रीतीप्रमाणे मठाची पिशवी भरली. वरून नारळ, पान, कुंकू. नवं डिझाईन निघालं की मठात पाठवायचं, ही त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. अप्पांचे गुडघे गेल्यापासून पिशवी पोचवायचं काम वैजयंतीकडे होतं, कारण मठ तिच्या एसटीच्या थांब्याला लागूनच. बिरुदेवने फाटकावर तिचा डबा उघडून पाहिला, पर्सचे कप्पे पाहिले, मठाची पिशवी कपाळाला लावली आणि परत दिली.

तीन आठवड्यांनी, सोमवारीच, अप्पांनी एक टॉवेल तिच्या टेबलावर ठेवला. कणीस तेच. दाणेही तेवढेच. लेबल सिद्धप्पांचं.

“अप्पा, मी न्हाय दिलं.”

“त्या कॉम्प्युटरला तोंड न्हाय, वैजयंती. आता वायरबी न्हाय.” त्यांनी मान वर केली नाही. “उद्यापासून येऊ नको.”

ती भांडली नाही. अकरा वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. वाळलेलं कणीस तिने टेबलावरच ठेवलं. गावात काय सांगायचं, याचा विचार करायचंही त्राण उरलं नव्हतं. एसटीला वेळ होता, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून ती मठात जाऊन सोमवारच्या पंगतीत बसली.

मठाचं स्वयंपाकघर गौरम्मा सांभाळायची. पिशवीही तीच ठेवून घ्यायची. वैजयंतीचा चेहरा पाहून ती आमटीची बादली घेऊन समोरच बसली, आणि वैजयंतीच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. फुटलेली डिझाईनं, ब्राउझर, ॲप, उपटलेली वायर, सगळं. गौरम्माला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने वैजयंतीच्या पाठीवरून हात फिरवला.

“मी बोलते अप्पांशी. चार वर्सं झाली, पिशवी आनायला कवा चुकली न्हाईस तू. मठाचं केलेलं वाया जात न्हाय बघ.”

वैजयंतीने डोळे पुसले. गौरम्माने तिच्या भातावर आमटी वाढली.

“पोटभर जेव. यंदापासनं सोमवारचं जेवण सिद्धप्पांचं असतंय की. म्हनून तर तू आनलेला पयला टॉवेल स्वामी दर टायमाला त्यांच्याच खांद्यावर घालत्यात.”