सोळा मात्रा

तिसऱ्या ओळीलाच मागच्या सीटवरच्या आजोबांनी कानात बोट घातलं. टॅक्सीवाल्याने ते आरशात टिपलं. सिग्नलला गाडी थांबताच त्याने वही उघडली आणि लिहिलं : ठेका टोचतो.

गाणं त्याचंच होतं. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. कपड्यांच्या कपाटात दोन्हीकडे गोधड्या टांगून, दार ओढून घेऊन त्याने ते मोबाइलवर गायलं होतं. "आतून कडी लावू नका हं," बायको बाहेरून म्हणाली होती. "कपाटात गुदमरले म्हणून लोकांना सांगू कशी?" मग सुटीचे चार दिवस जुन्या लॅपटॉपपुढे बसून त्याने आवाज, ठेका आणि एकतारीची तार एकमेकांत बसवले होते.

पण ते बसलेत की नाही, हे काही केल्या कळेना. बायको छान म्हणाली. शेजारी छान म्हणाले. स्टँडवरच्या दोस्तांनी तर अर्धं ऐकूनच पाठ थोपटली. शेवटी लाऊडस्पीकर भाड्याने देणारा मेव्हणा म्हणाला, "दाजी, ओळखीची माणसं तोंडावर खरं बोलत नाहीत. गाडीत लावा. कुणाचं आहे ते सांगू नका. नुसतं बघा."

तेव्हापासून तो बघत होता. कॉलेजच्या पोरींनी शब्द न ऐकताच गप्पा सुरू केल्या, की लिहायचा : आवाज दबलाय. जाड चष्म्याचे एक गृहस्थ म्हणाले, "दार नीट लागलं नाही वाटतं, थरथरतंय." दार नीटच लागलं होतं. घरी जाऊन त्याने खालचा सूर उतरवला, ठेक्याची धार कमी केली, स्वतःला थोडं पुढे आणलं. दाराची थरथर गेली. कानातली बोटं गेली. एक बाई तर पायाने ताल धरून बसली, आणि उतरायचं ठिकाण मागे पडल्यावर त्याच्यावरच ओरडली. त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला.

एकच दुखणं उरलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ओळ होती :

दार लोटलं वाऱ्यानं, मी म्हटलं, आलास का?

आणि तिच्यानंतर सोळा मात्रा रिकाम्या. नुसती तार, तीही लांबून आल्यासारखी.

ओळ त्याच्या आईची. थोरला भाऊ भांडून घराबाहेर पडला त्याला अकरा वर्षं झाली. दार हललं की आई अजून हेच विचारते, आणि मग थोडा वेळ गप्प बसते. रेडिओवर नव्या गायकांची गाणी लागणार होती. एका माणसाचं एकच घेणार होते. भाऊ कुठे आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण असेल तिथे एखादा रेडिओ असेलच, एवढ्याच भरवशावर हे गाणं उभं होतं.

आणि नेमक्या त्याच जागी माणसं हातातून सुटत. बोलणारे गप्प होत, पायाचा ताल थांबे आणि मान खिडकीकडे वळे. शाळेतले मास्तर, बँकेतली मुलगी, खांद्यावर पंचा टाकलेला हमाल, सगळ्यांचं तेच. दवाखान्यातल्या नर्सबाई आठवड्यातून दोनदा बसायच्या, आणि प्रत्येक वेळी तिथेच बाहेर बघू लागायच्या. बाहेर होतं काय? बंद दुकानांची शटरं. वहीत त्या ओळीपुढे नऊ वेळा लिहून झालं : कंटाळा.

"कापा," मेव्हणा म्हणाला. "रिकामं सोडलं की माणूस जातोच."

त्याने कापलं. आता 'आलास का' म्हणून होतंय तोच पुढचं कडवं येऊन उभं राही. दुसऱ्या दिवशी दिवसभर गाडीत तेच वाजलं. एकही मान खिडकीकडे वळली नाही. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत आले आणि बघत उतरले.

रेडिओला पाठवायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. चार वाजता नर्सबाई बसल्या. यांना सोडायचं, गाडी कडेला घ्यायची आणि गाणं पाठवून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. दुसरं कडवं आलं, ती ओळ आली, लगेच पुढची आली. नर्सबाई पुढे वाकल्या.

"दादा, गाणं बिघडलं का तुमचं?"

"छे हो ताई. उलट नीट केलंय."

"मधे थांबायचं ना ते. ते कुठे गेलं?"

त्याला हसू आलं. "तिथेच तर घोटाळा होता. लोकांना कंटाळा यायचा. तुम्हीसुद्धा बाहेर बघत बसायचात की. मी बघतो ना आरशात."

सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. नर्सबाईंनी पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"बाहेर कोण बघत होतं?" त्या म्हणाल्या. "आरशात तुम्हाला डोळे दिसले असते, म्हणून तोंड फिरवायचे."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. त्याने आधी आरसा छताकडे वळवला, मग जुनं गाणं लावलं, आणि मग गिअर टाकला.