दीक्षाची चूक

भिवाजीची लेक दीक्षा सतरा वर्षांची, आणि लहानपणापासून तिला डायबेटिस. देशाचा बाजार खुला झाल्यावर हैदराबादेत नसा आतून दाखवणारं परदेशी मशीन आलं होतं. त्यावर डॉक्टरांनी तिच्या मानेतली रक्तवाहिनी तपासली आणि म्हणाले, “आतली भिंत आत्तापासूनच जाड व्हायला लागलीय. अशी नस तुमच्या वयात दिसते, हिच्या नाही.”

भिवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. “साहेब, आमचं कुठं चुकलं तेवढं सांगा. आजपासून सुधारतो.”

“काहीच चुकलं नाही. इंजेक्शन, पथ्य, सगळं नीट सांभाळलंत. तरीही काही मुलांना होतं असं. सांभाळत राहा, दुसरं काय सांगू?”

बाहेर येऊन भिवाजी स्कूटरला किल्ली लावायची सोडून नुसताच उभा राहिला. चूक निघाली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. आता हातात काहीच उरलं नव्हतं.

बापाचा चेहरा बघून दीक्षा जवळ आली. “बाबा, एक सांगू? गुस्सा नका करू. कॉलेजातून येताना मी चिक्कडपल्लीच्या बेकरीत क्रीम रोल खायचे. रोज. त्यानंच झालं असेल.”

कॉलेजातून तिला रोज भिवाजीच घरी आणायचा, याच स्कूटरवरून, वाटेत कुठंही न थांबता.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. “पुन्हा खाल्लंस तर याद राख!” तो भर रस्त्यात ओरडला, ओरडतच राहिला. त्याचा आवाज बसेपर्यंत दीक्षा मान खाली घालून सगळं ऐकून घेत उभी होती.