खोल खाचांचे टायर

“मॅडम, हे घ्या. एवढ्या भारी गाडीला हेच शोभतात. आत अगदी चिडीचूप,” कराडचा टायरवाला म्हणाला.

माझी सून ऋजुता खाली वाकली. तिनं टायरच्या खाचांत बोट घालून पाहिलं. “सोलापूरच्या उन्हात ठीक आहेत. पण पावसात, घाटात ब्रेक दाबला तर?”

“मग ते पलीकडचे, खोल खाचांचे. उन्हातही टिकतात, पण आवाज करतात.”

“करू देत. आमच्या आईंच्या गप्पांपुढे ऐकू येणार नाही.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. चौऱ्याहत्तर साली पावसात कुंभार्ली घाटातल्या एका वळणावर आमची फियाट घसरून कठड्याला अडकली होती. तेव्हापासून ते वळण आलं की मी डोळे मिटून घेते. हे मी तिला एकदाच सांगितलं होतं.

चिपळूणला परतताना घाटात धो धो पाऊस होता. वळण आलं, मी डोळे मिटले.

“म्हैस!” ऋजुता ओरडली. ब्रेक लागला. गाडी जराही न घसरता थांबली.

मी हळूच डोळे उघडले. खिडकीलगत पांढराशुभ्र धबधबा कोसळत होता.

“अगंबाई! हा कधीपासून इथे?”

“तुमच्या फियाटच्याही आधीपासून, आई.”