हापशाचं पाणी

दुपार टळत आली तरी पेल्यातलं पाणी नितळच होतं.

लुआ पितरांच्या चौरंगापुढे पाय दुमडून बसली होती. चौरंगावर उकडलेली कोंबडी, चिकट भात, तिच्या नवऱ्याचा, तिएपचा फोटो, आणि फोटोपुढे तो पेला. उदबत्तीचा धूर वर जायचं सोडून खोलीतच रेंगाळत होता. बाहेर वसंतातल्या पावसाची भुरभुर लागली होती. केळी, कुंपण, पलीकडचा बांध, सगळं अर्धवट पुसल्यासारखं दिसत होतं.

"आला नाही गं अजून," बाजेवरून सासू म्हणाली. तिच्या गालात विडा होता.

"येतील, आई."

"कधी? ताटं उचलल्यावर?"

सकाळी म्हातारीने फोटोपुढे हात जोडून लुआच्या देखतच सांगितलं होतं. तिएप, तुझं तीन वर्षांचं सुतक आज फिटलं. लुआला क्वी गवंड्याने मागणी घातलीय. तुझी हरकत नसेल तर दिवेलागणीच्या आत येऊन पाणी पिऊन जा. नाही आलास, तर ती इथेच राहील.

तिएप पाणी प्यायला येतो, हे घरात ठरलेलंच होतं. अंगणातला हापसा त्यानेच बसवलेला. रोज सकाळी त्याचं पाणी पेल्यात ठेवायचं आणि संध्याकाळपर्यंत ते तांबूस व्हायचं. म्हातारी पेला उजेडाकडे धरून म्हणायची, "येऊन गेला बघ." मग तिला जेवण गोड लागायचं.

पण त्याच पाण्याने भात करडा व्हायचा, चहा शाईसारखा काळा पडायचा, आणि पांढरं म्हणून घरात काही उरलं नव्हतं. म्हणून टेटच्या, नव्या वर्षाच्या सणाआधी लुआने क्वीकडून वाळूची टाकी बांधून घेतली. हापसून वर ओतायचं, खालच्या तोटीतून घ्यायचं. "पाण्यात लोखंड आहे," क्वी म्हणाला होता. "वारा लागला की गंजतं. तो गंज वाळू धरून ठेवते." त्याने ती वाळू इतके दिवस चाळली, की शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गं, टाकी बांधतोय की किल्ला?"

टाकी झाली, भात पांढरा झाला. आणि पेल्यातलं पाणी सकाळी जसं, तसंच संध्याकाळी राहू लागलं. तेव्हापासून म्हातारी पेला उजेडाकडे धरायची आणि तसाच ठेवून द्यायची.

आजचा पेलाही टाकीच्याच पाण्याचा होता. तो सासूने स्वतः भरला होता.

उठावं, तो ओतून द्यावा, हापशाचं पाणी भरून आणावं. एवढंच तर काम होतं. लुआ दोनदा उठलीही. तिला क्वी हवा होता, फार हवा होता. पण फोटोतला तिएप तिच्याकडे बघत होता. तो असताना ती कधी त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. आता कसं बोलणार? ती पुन्हा खाली बसली.

धुराने डोळे जड झाले, तिने भिंतीला पाठ टेकली. तिएप अंगणात उभा होता. भुरभुर त्याच्या अंगावर पडत होती, पण तो भिजत नव्हता. टाकीतल्या ओल्या वाळूवर त्याने तळहात टेकवला होता, तांदळात पाणी किती झालं ते बघतात तसा. बांधकाम पसंत पडलं का, असं तिला त्याला विचारायचं होतं. तेवढ्यात हापसा कुरकुरला आणि तिने डोळे उघडले.

डोळे उघडले तरी कुरकुर थांबली नाही.

खिडकीतून दिसलं. अंगणात सासू हापशाच्या दांड्याला जवळजवळ लोंबकळत होती. तिने पेला केळीच्या बुंध्याशी रिता केला, धारेखाली धरला, बाहेरून पदराने पुसला. लुआने पटकन डोळे मिटून घेतले. अनवाणी पावलं आत आली. पेला लाकडावर टेकल्याचा आवाज झाला.

"सांभाळून घे रे, बाळा," म्हातारी पुटपुटली. मग बाज करकरली.

लुआ तशीच भिंतीला टेकून पडून राहिली. उजेड हळूहळू उतरत गेला. पापण्यांच्या फटीतून ती बघत होती. पाणी आधी गढुळलं, मग गवती चहासारखं पिवळट झालं, मग त्याला तांबूस रंग चढला.

"ऊठ गं, दिवेलागण झाली." म्हातारी दारात पेला उजेडाकडे धरून उभी होती. "येऊन गेला बघ. तुला डुलकी लागली, तेवढ्यात."

लुआ उठून बसली. "काही म्हणाले?"

म्हातारीने पेला चौरंगावर ठेवला, सरकवून फोटोच्या बरोबर समोर आणला.

"जा म्हणाला. माणूस चांगला आहे म्हणाला." ती फोटोकडेच बघत होती. "आणि म्हणाला, सणासुदीला आईकडे येत जा. ती आता एकटी असेल."