पिवळीधमक आमटी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजव्या डोळ्यात धरलेली धूसर झिल्ली लेसरने फोडून घेतली आणि त्याच दुपारी सुभद्राबाई वृद्धाश्रमाच्या पंगतीत बसल्या. डाव्या डोळ्याला आमटी पिवळीधमक दिसत होती. उजव्याला तिच्यात अळ्या वळवळताना दिसल्या. मोतीबिंदू काढताना आश्रमाने फुकट बसवलेली भिंगं सगळंच देखणं करून दाखवत. लेसरने झिल्लीबरोबर उजव्या भिंगातली ती लबाडीही जाळली होती.

शेजारच्या यमुताई भुरके मारत होत्या.

"अहो, टाका ते! किडे आहेत!" सुभद्राबाईंनी त्यांचा हात धरला.

"काहीतरीच तुमचं! जिरं आहे ते." यमुताईंच्या ओठाला चिकटलेली अळी अजून हलत होती.

वाढपीण समोर येऊन उभी राहिली. "पानात टाकलं तर रात्री वाढत नाही, आजी. माहीत आहे ना?"

सुभद्राबाईंनी उजवा डोळा घट्ट मिटला आणि वाटी तोंडाला लावली.